थायमस: 'बिनकामाची' ग्रंथी आणि जाक मिलर

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. लहानपणी चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिथे बहुतेक चरबीच उरते, त्यामुळे १९६० पर्यंत भल्याभल्यांचं मत असं की ही उत्क्रांतीत मागे राहिलेली अडगळ आहे, फार तर मरणाऱ्या लिम्फोसाइटचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचं, कब्रस्तान. कहर म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तान्ह्या बाळांचा थायमस "वाढलेला" दिसतोय म्हणून त्यावर एक्स-रेचा मारा करायचे, आणि त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. अरे, त्या वयात तो तेवढाच असतो!

ही समजूत मोडली जाक मिलरने. जन्म १९३१ चा, फ्रान्समधल्या नीसचा, बालपणाचा काही काळ शांघायमध्ये, मग युद्धामुळे १९४१ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियात. मोठी बहीण टीबीने गेली. सिडनीला डॉक्टर झाला आणि १९५८ मध्ये संशोधनासाठी लंडनला आला.

गंमत अशी की थायमस काय काम करतो हे शोधायला तो आलाच नव्हता. विषय होता उंदरांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. एका व्हायरसमुळे तो होतो आणि सुरुवात थायमसमध्येच होते एवढं माहीत होतं. पण हा व्हायरस नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांनाच धरतो, म्हणून मिलरने ठरवलं की जन्मल्याजन्मल्याच थायमस काढून टाकायचा आणि मग व्हायरस टोचून बघायचं. जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमच्या पिल्लाच्या छातीत हात घालायचा, तेही घोड्यांच्या जुन्या तबेल्यात ठेवलेल्या उंदरांवर.

पिल्लं आधी ठणठणीत होती, आईचं दूध सुटल्यावर मात्र खंगायला लागली आणि मरायला लागली. आता इथे कोणीही म्हणेल व्हायरसने मारलं, पण ज्यांना व्हायरस टोचलाच नव्हता तीही तशीच मरत होती. चिरफाड करून पाहिलं तर प्लीहेत आणि लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे या पेशींच्या नेहमीच्या ठाण्यांत, लिम्फोसाइट फारच कमी. मग त्याने वेगळ्या जातीच्या उंदरांची कातडी यांच्यावर लावून बघितली. धडधाकट उंदीर असली परकी कातडी काही दिवसांत झिडकारतो, यांनी ती निमूटपणे ठेवून घेतली, आणि वर केसही उगवले! परकं ओळखायची ताकदच गेली होती. सप्टेंबर १९६१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं तेव्हा मिलर ३० वर्षांचा होता.

लगेच सगळ्यांनी मानलं असं नाही. तबेल्यातली घाण, इन्फेक्शनमुळे झालं असेल, अशा शंका निघाल्या, मग त्याने अमेरिकेत जाऊन पूर्ण जंतुमुक्त उंदरांवर प्रयोग केले. तिथेही थायमस नसेल तर प्रतिकारशक्ती लंगडीच. मोठ्या उंदराचा थायमस काढला तर लगेच काही बिघडत नाही, कारण त्यातून तयार झालेल्या पेशी आधीच अंगभर पसरलेल्या असतात आणि दीर्घकाळ जगतात. इतकी वर्षं सगळे फसले ते इथेच.

१९६६ मध्ये तो मेलबर्नला गेला आणि ग्रॅहॅम मिचेल या विद्यार्थ्यासोबत अजून एक मोठी गोष्ट दाखवली: अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी बोनमॅरोतून येतात, पण थायमसच्या पेशींची मदत नसेल तर त्यांचं काम नीट होत नाही. बोनमॅरोतल्या त्या बी सेल आणि थायमसमधल्या त्या टी सेल. एचआयव्ही ज्यांना पोखरतो त्या टी सेल, आणि कॅन्सरच्या कार-टी उपचारात रुग्णाच्या अंगातून काढून, बदल करून परत सोडतात त्याही टी सेल. मॅक्स कूपर या अमेरिकन संशोधकाने कोंबड्यांवर काम करून बी सेलची बाजू मांडली होती, मिलर आणि कूपर दोघांना २०१९ मध्ये मिळून लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा मोठा अमेरिकन पुरस्कार मिळाला. नोबेल का नाही, हे मला तरी कळलेलं नाही.

बरं, मोठेपणी तरी थायमस बिनकामाचा ना? तर २०२३ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी थायमस काढलेल्या प्रौढ रुग्णांची तुलना छातीचं दुसरं ऑपरेशन झालेल्यांशी केली, तेव्हा पाच वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण थायमस काढलेल्यांत जवळपास तिप्पट निघालं. एवढ्यावरून थेट कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण गरज नसताना तो काढू नये असं त्या डॉक्टरांचं म्हणणं आहे.