उठून उभं राहताना रक्तदाब कोण सांभाळतं?

झोपलेला माणूस उठून उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब पडू लागतो. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत ताण ओळखणारी चेताटोकं असतात. त्यांची खबर मेंदूच्या तळाशी पोचते आणि अनुकंपी चेतासंस्था (शरीराची कामं आपोआप चालवणाऱ्या नसांची एक शाखा, सिम्पथेटिक) कामाला लागते. चेतातंतूंतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन सुटतं, बारीक धमन्या आवळतात, नाडी वाढते. काही सेकंदांत दाब जागेवर.

गोव्याच्या मे महिन्यात हे काम अवघड होतं. घामाच्या ग्रंथी चालवते तीही हीच संस्था, आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावाव्या लागतात. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर आणखी गाळतं आणि रक्तातलं पाणी कमी होतं. त्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांचं मद्य, याच दिवसांतला: मद्यामुळे धमन्या नीट आवळत नाहीत, लघवीही वाढते. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मार्गच अडवते. जुना मधुमेह तर चेतातंतूच झिजवतो.

म्हणून चक्कर येणाऱ्या ज्येष्ठांचा दाब केवळ बसवून मोजणं पुरेसं नाही, असं आमचं ठाम मत आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. नाडीही लिहून ठेवा: दाब पडूनही ती जेमतेम वाढली, तर दोष चेतातंतूंत असू शकतो, मात्र बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारी औषधं) घेणाऱ्यांची नाडी तशीही वाढत नाही.

हीच अनुकंपी संस्था सतत चेतलेली राहिली तर उलट घडतं. मूत्रपिंडं दाब वाढवणारं रेनिन सोडतात, मीठ धरून ठेवतात, दाब चढतो. घोरताना श्वास अडकणाऱ्यांत हे रात्रभर चालतं. काहींचा दाब झोपल्यावर जास्त आणि उभं राहिल्यावर कमी असतो. त्यांच्या गोळ्यांची वेळ आणि मात्रा ठरवणं नाजूक काम. चक्कर येते म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. रक्तदाबाची क्लोनिडिन ही गोळी अचानक सोडली तर दाब धोकादायक उसळतो.

उठताना आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसावं, घोटे वरखाली करावेत. देवळाच्या रांगेत डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पायांची अढी घालून मांड्या आवळाव्यात. तरीही न थांबल्यास तिथेच खाली बसावं.