रिळाच्या फुटांत मोजलेला विक्षिप्तपणा

विक्षिप्त, स्वस्तातल्या सिनेमाची गोडी पुण्याला लागली ती लॉ कॉलेज रोडवर. प्रभात कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्याच आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. सिनेमा करायला शिकणारे आणि जगभरच्या प्रिंट्स असे शेजारी आले.

या सिनेमांचा तऱ्हेवाईकपणा हौसेचा कमी, रिळाच्या हिशेबाचा जास्त. सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने 35 मिमी रुंदीची फिल्म मिनिटाला 90 फूट जाते, 16 मिमी फक्त 36 फूट. दोन तासांच्या सिनेमासाठी चौपट चित्रण धरलं, तर पहिलीचे 43,200 फूट लागतात, दुसरीचे 17,280. म्हणून गरिबाची फिल्म 16ची. पण थिएटरसाठी ती 35वर मोठी करताना दाणा, म्हणजे चित्र घडवणारे फिल्मवरचे बारीक कण, फुगतो, निगेटिव्हवरचा ओरखडाही. साधा कॅमेरा घरघरतो, म्हणून संवाद नंतर डब होतात. खोलीचा स्वाभाविक घुमारा मग नाहीसा होतो आणि माणसं कानाशी बोलल्यासारखी वाटतात. चाहत्यांना जे गूढ वाटतं, त्यात ही डबिंगची कमतरता बरीच असते!

इन्स्टिट्यूटच्या कुंदन शाहांचा ‘जाने भी दो यारो’ (1983) सात लाखांच्या आसपास झाला. तो घरोघरी पोचला दूरदर्शनमुळे. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ (1988) मात्र थिएटरात लागला थेट 2014 मध्ये. मधली वर्षं तो हातोहात फिरणाऱ्या व्हिडिओ प्रतींवर जगला. व्हीएचएस या घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या प्रतीची प्रत काढली की दर वेळी रंग फिके पडतात, कडा विरघळतात.

अमेरिकेत तर वितरकाने नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गळाली आणि ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) कुणालाही फुकट दाखवता येऊ लागला. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. कृष्णधवलमध्ये खपून गेलं.

अशा सिनेमांच्या प्रिंट्स मुळातच मोजक्या. त्यात अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकवरची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजते, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, रीळ आकसतं. त्या वाफेने शेजारची रिळंही बिघडतात, म्हणून वास येताच डबा वेगळा काढावा लागतो. गाजलेल्या सिनेमाची दुसरी प्रत कुठे तरी सापडते; इथे बहुधा तोच डबा शेवटचा असतो.