कीमच्या कड्यावरून

पश्चिम आयर्लंडमधल्या आकिल बेटाच्या टोकाला कीम नावाची छोटी खाडी आहे. भोवती उंच डोंगरउतार, तळाशी पांढरी वाळू. ऊन स्वच्छ असलं की वरून त्या पाण्यात सात-आठ मीटर लांबीची काळी सावली सरकताना दिसते. तो बास्किंग शार्क, व्हेल शार्कनंतरचा जगातला सर्वांत मोठा मासा.

बास्किंग म्हणजे ऊन खाणं. पाण्याच्या वरच्या थरात रेंगाळणारा मासा ऊन खातोय असं लोकांना वाटलं. त्याच्या आयरिश नावातही सूर्य आहे. खरं तर तो प्लवक खात असतो. जबडा उघडा ठेवून पोहायचं, पाणी कल्ल्यांतून बाहेर सोडायचं आणि अडकलेले सूक्ष्म जीव गिळायचे, एवढाच त्याचा उद्योग. हा संथपणा शिकाऱ्यांच्या पथ्यावर पडला.

सगळा डोळा त्याच्या यकृतावर होता. ते प्रचंड असतं, शरीराच्या वजनाच्या चौथाईपर्यंत, आणि तेलानं भरलेलं. अठराव्या शतकात याच किनाऱ्यावर हार्पूननं शिकार करून दिव्यांसाठी तेल काढत. कीममध्ये १९४७ साली पुन्हा धंदा सुरू झाला. कड्याजवळ जाळी लावायची, वर एकानं नजर ठेवायची, मासा अडकला की डांबर फासलेल्या कापडी होडीतून जाऊन त्याला भाल्यानं मारायचं. त्या हलक्या होडीतून एवढ्या मोठ्या माश्याला भिडणारी माणसं धाडसी होती आणि बेटावर दुसरा रोजगार फारसा नव्हता, हे विसरून त्यांना दोष देणं मला पटत नाही. पण हिशेब भयंकर आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला हजारावर मासे मारले जात. १९७५मध्ये धंदा थांबला तोवर एकूण आकडा १२ हजारांपलीकडे गेला होता. उशिरा वयात येणाऱ्या या प्राण्याला ही तूट लवकर भरून काढता येत नाही.

कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ तर तेलासाठीही नव्हे, सामन माशांसाठी लावलेली जाळी फाडतो म्हणून सरकारी बोटीच्या नाळेला पातं बसवून शेकडो शार्क कापले गेले. तिथे तो आज क्वचितच दिसतो.

संरक्षण तुकड्यातुकड्यानं आलं: ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर १९९०, ब्रिटनमध्ये १९९८, आयर्लंडच्या वन्यजीव कायद्यात थेट २०२२. स्कॉटलंडनं २०२०मध्ये हेब्रिडीजच्या समुद्रात त्याच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं. हिवाळ्यात हा मासा तळाशी निजून राहतो, असा अंदाज १९५४मध्ये मांडला गेला होता. अंगावर लावलेल्या, उपग्रहाला माहिती पाठवणाऱ्या टॅगनी तो खोडून काढला. आइल ऑफ मॅनजवळ टॅग लावलेली एक मादी अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत गेली, वाटेत १,२०० मीटरहून खोल बुडी मारून.

आता उन्हाळ्यात आकिलहून, तसंच स्कॉटलंडच्या कॉल आणि टायरी बेटांकडे, बोटी जातात त्या त्याला पाहायला. वारा पडलेला, पाणी तेलासारखं निवांत असेल तर पाठीचा त्रिकोणी पर, त्यामागे डावी-उजवीकडे हलणारं शेपटीचं टोक, कधी पुढे नाकाचा शेंडा असे तीन ठिपके एका रेषेत दिसतात. मग तांडेलानं वेग सहा नॉटच्या आत आणायचा, शंभर मीटरवर इंजिन न्यूट्रलला टाकायचं आणि थांबायचं. जवळ यायचं की नाही, ते शार्कनं ठरवायचं.