मोरादा म्हणजे चर्च नव्हे

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर भागात, ताओस-अबिक्यू परिसरात, मातीची जुनी इमारत आणि तिच्यापुढे क्रूस दिसला की आपण ‘चर्च’ म्हणून मोकळे होतो. त्यातल्या काही मोरादा असतात, म्हणजे प्रापंचिक कॅथलिकांच्या बंधुसंघाची प्रार्थनेची नि बैठकीची जागा.

गोंधळ साहजिक आहे. दोन्हीकडे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, लाकडी तुळया, मातीचा गिलावा. पण रांचोस दे ताओसचं सान फ्रान्सिस्को दे आसिस चर्च बघा: दोन मनोरे, चौकातली जागा, मागच्या भिंतीला प्रचंड आधार. मोरादा बुटकी, लांबट, बहुधा गावाच्या कडेला, खिडक्या नावापुरत्या. आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखीच. आत एक प्रार्थनेची खोली, एक बैठकीची, फार तर आणखी एखादी.

खरा फरक कारभाराचा. चर्च फादरांचं, म्हणजे शेवटी आर्चबिशपचं. मोरादा मात्र ‘येशू नाझारेनो’ (नाझरेथचा येशू) याच्या नावाच्या बंधुसंघाची. हे सगळे प्रापंचिक, शेती-मेंढ्या सांभाळणारे. त्यांचा प्रमुख ‘एर्मानो मायोर’, म्हणजे थोरला बंधू. हा भाग तेव्हा मेक्सिकोत होता. 1821 मध्ये मेक्सिको स्पेनपासून वेगळा झाल्यावर इथले फ्रान्सिस्कन धर्मगुरू घटत गेले. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, फादर क्वचितच यायचे. मग आजाऱ्याची विचारपूस, मयताची प्रार्थना, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातली ‘क्रूसाची वाट’ ही प्रार्थना हे सगळं बंधूंनीच सांभाळलं. याच आठवड्यातल्या तिनिएब्लासच्या, म्हणजे ‘अंधारा’च्या विधीत मेणबत्त्या एकेक करून विझवतात आणि पूर्ण काळोखात साखळ्या नि लाकडी खुळखुळे वाजवतात.

शरीराला क्लेश देण्याच्या त्यांच्या प्रायश्चित्तावर 1833 मध्ये मेक्सिकोतल्या दुरांगोच्या बिशप सुबिरियांनी कडक आक्षेप घेतला. पुढे फ्रेंच बिशप लामींनी नियम घातले. बाहेरच्यांना दिसले ते फक्त चाबकाचे फटके. गावकी सांभाळण्याचं काम कुणी फारसं पाहिलं नाही, हे मला जास्त खटकतं. अधिकृत मान्यता मिळायला 1947 उजाडलं. ती आर्चबिशप बर्न यांनी दिली.

म्हणून मोरादाला चर्चची प्रतिस्पर्धी समजू नये. माणसं तीच: रविवारी चर्चमध्ये मिस्सा, उपवासकाळात मोरादा. चिमायो गावचं प्रसिद्ध सांतुआरिओ (तीर्थस्थान) बांधणारे बेर्नार्दो आबेयता बंधुसंघातलेच.

गोव्यातही प्रापंचिकांच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे बंधुसंघ, आहेत, पण त्यांचा वावर चर्चला धरूनच असतो.

जाणार असाल तर एवढं पाहा: चर्चमध्ये विधी चालू नसताना सहसा आत जाता येतं. मोरादा बहुतेक वेळा बंद असते, आणि वापरात असलेल्या मोरादेत बोलावल्याशिवाय जाऊ नये. फोटो काढायचा तर आधी विचारा. पवित्र आठवड्यात कॅमेरा काढूच नका.