लॉर्ड रॉस यांचा सहा फुटी आरसा

आयर्लंडच्या मध्यावर, आजच्या ऑफली परगण्यात, बर नावाचे छोटे गाव आहे. तिथली गढी आणि भोवतालची जमीन १६२० पासून पार्सन्स घराण्याकडे असल्याने गावाला एके काळी पार्सन्सटाउन असेच म्हणत. या घराण्यातील विल्यम पार्सन्स (१८००-१८६७) यांनी ऑक्सफर्डमध्ये गणितात पहिला वर्ग मिळवला, काही वर्षे ब्रिटिश संसदेत काढली, १८३४ मध्ये खासदारकी सोडली आणि १८४१ मध्ये वडिलांच्या पश्चात ते रॉसचे तिसरे अर्ल झाले. त्या काळची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण त्यांनी कोणत्याही कारखान्याकडून विकत आणली नाही; ती त्यांच्या गढीच्या आवारात, त्यांच्याच भट्ट्यांवर, गावातल्या माणसांना शिकवून तयार करून घेतलेल्या कारागिरांच्या हातून घडली.

काचेवर चांदीचा मुलामा देऊन दुर्बिणीचे आरसे करण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. आरसा धातूचाच ओतावा लागे. त्यासाठी वापरला जाणारा स्पेक्युलम हा मिश्रधातू साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग कथील यांचा असतो. तो घासून लख्ख चमकतो खरा, पण इतका ठिसूळ असतो की थंड होताना एक बाजू जरा लवकर निवली तरी तडकतो. आधीच्या पिढीतील नामवंत खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी आपली आरसे घडवण्याची रीत गुप्त ठेवली होती, त्यामुळे रॉस यांना जवळजवळ सगळेच मुळापासून शोधावे लागले. त्यांनी मात्र प्रत्येक टप्पा प्रसिद्ध केला, आणि माझ्या मते त्यांचे हे औदार्य त्यांच्या दुर्बिणीइतकेच मोलाचे आहे.

त्यांची खरी प्रतिभा दिसते ती साच्यात. धातू सर्व बाजूंनी एकदम न गोठता तळाकडून वर क्रमाने गोठला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून साच्याचा तळ त्यांनी लोखंडी पट्ट्या कडेवर उभ्या, एकमेकींना घट्ट चिकटवून बनवला. लोखंडामुळे तळ लवकर निवे, पट्ट्यांमधल्या बारीक फटींतून कोंडलेली हवा निसटून जाई, पण वितळलेला धातू मात्र त्यांतून गळत नसे. १३ एप्रिल १८४२ च्या रात्री तीन ओतीव लोखंडी मुशींमध्ये सुमारे तीन टन धातू वितळवण्यात आला. भट्ट्यांना इंधन होते पीट, म्हणजे आयर्लंडच्या दलदलीतून कापून वाळवलेली कुजकट वनस्पतींची माती. ओतलेली तांबूस तप्त थाळी लगेच शेजारच्या भट्टीत सरकवून ती भट्टी बंद केली गेली आणि तब्बल १६ आठवडे हळूहळू निवू दिली गेली. तरीही पाच वेळा ओतकाम केल्यावर वापरण्याजोगे आरसे मिळाले ते दोनच.

घासण्याचे काम वाफेच्या इंजिनावर चालणारे यंत्र करी. घर्षणाने आरसा तापून त्याचा आकार बिघडू नये म्हणून तो पाण्याच्या हौदात ठेवण्याची युक्ती रॉस यांनी आधीच्या तीन फुटी आरशासाठीच काढली होती. आकार बरोबर उतरला की नाही हे पाहण्याची त्यांची सोय तर फार सुंदर होती: यंत्राच्या बरोबर वर, मजल्यांच्या झडपा उघडल्या की उंच खांबाच्या टोकाला लावलेली घड्याळाची तबकडी दिसे आणि तिचे प्रतिबिंब किती रेखीव पडते यावरून, आरसा जागचा न हलवता, दोष कळत.

७२ इंच, म्हणजे सुमारे १.८३ मीटर व्यासाचा हा आरसा ५४ फूट लांब लाकडी नळीत बसवला गेला. स्वतःच्याच वजनाने तो वाकू नये म्हणून त्याखाली २७ आधार देणारी तरफांची रचना होती. नळी सुमारे ५० फूट उंचीच्या, दक्षिणोत्तर बांधलेल्या दोन दगडी भिंतींमध्ये साखळ्यांनी वरखाली करीत. पूर्व-पश्चिम दिशेला ती फारशी वळत नसल्यामुळे आकाशातली एखादी वस्तू तासाभराच्या आसपासच नजरेत राही. त्यात आयर्लंडचे ढग. दमट हवेत स्पेक्युलम काळवंडतो, म्हणून एक आरसा वापरात असताना दुसऱ्याला पुन्हा झिलई दिली जाई.

फेब्रुवारी १८४५ मध्ये दुर्बीण आकाशाकडे वळली आणि त्याच वसंतात रॉस यांनी एम ५१ या तेजोमेघाकडे, म्हणजे ढगासारख्या दिसणाऱ्या धूसर ठिपक्याकडे, पाहिले. विल्यम हर्शेल यांचे पुत्र जॉन हर्शेल यांना तिथे मध्यबिंदूभोवती एक कडे दिसले होते. रॉस यांना मात्र भोवऱ्यासारखे वळलेले फाटे दिसले, आणि त्यांतला एक शेजारच्या लहान तेजोमेघापर्यंत पोचलेला. त्यांचे रेखाचित्र जूनमध्ये केंब्रिजच्या वैज्ञानिक संमेलनात मांडले गेले. आज आपण जिला सर्पिल दीर्घिका म्हणतो, तिचे हे पहिले दर्शन. ती कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेली ताऱ्यांची स्वतंत्र वसाहत आहे, हे सिद्ध व्हायला १९२० चे दशक उजाडावे लागले.

त्याच वर्षी, म्हणजे १८४५ मध्ये, बटाट्यावर करपा पडला. आयर्लंडच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पुढची दोन-तीन वर्षे रॉस यांचे लक्ष प्रामुख्याने दुष्काळनिवारणात गुंतले आणि निरीक्षणे मागे पडली. दुर्बीण उभी राहिली त्यात पत्नी मेरी यांच्या माहेरच्या संपत्तीचा मोठा वाटा होता. दुष्काळात आवारातील बांधकामे काढून गावकऱ्यांना मजुरी देण्यातही त्या पुढे होत्या. दुर्बिणीची त्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे छायाचित्रणाच्या अगदी आरंभीच्या काळातली आहेत.

रॉस यांचा एक निष्कर्ष चुकला. मृगातील तेजोमेघ म्हणजे दाटीवाटीने वसलेले तारेच, अशी त्यांची समजूत झाली होती. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी वर्णपटाच्या, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणाऱ्या पट्ट्याच्या, आधारे काही तेजोमेघ खरोखरच वायूचे असल्याचे दाखवले, आणि मृगातील तेजोमेघही त्यांतलाच निघाला. केवळ आरसा मोठा करून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

१९१७ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण येईपर्यंत आकाराचा हा विक्रम टिकला. रॉस यांच्या मृत्यूनंतर थोरले चिरंजीव लॉरेन्स यांनी चंद्राकडून येणारी उष्णता मोजली. त्यांचे साहाय्यक ड्रायर यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेजोमेघ आणि तारकागुच्छांच्या सूचीतील एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग) क्रमांक खगोलशास्त्रज्ञ आजही वापरतात. त्याच कार्यशाळांत वाढलेले धाकटे चिरंजीव चार्ल्स यांनी १८८४ मध्ये विजेचे जनित्र फिरवणारे वाफेचे टर्बाइन बनवले, आणि औष्णिक वीजकेंद्रांत आजही जनित्रे फिरतात ती वाफेच्या टर्बाइनवरच.