धुरावरचं छप्पर

नोव्हेंबर लागला की बातम्यांत दिल्लीचा धूर दिसू लागतो आणि आमच्या श्रीरामपुरात हमखास एक वाक्य कानावर येतं, "बरंय बाबा, आपण गावाकडं आहोत." नेमके त्याच दिवसांत आजूबाजूच्या साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (पालासारख्या झोपड्या) उभ्या राहतात, चुली पेटतात, तुटलेल्या फडातलं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, संध्याकाळी पेटवलं जातं. मग घरोघर खोकला सुरू होतो आणि सगळा दोष कारखान्याच्या चिमणीला दिला जातो. चिमणी निर्दोष नाहीच. पण हंगाम मार्चपर्यंत चालतो, चिमणी तीच असते, पाचट तेव्हाही जळतं. तरी जानेवारीच्या पहाटे घशात बसणारा धूर मार्चच्या दुपारी तसा बसत नाही.

याचं उत्तर धुरात कमी आणि धुरावरच्या छपरात जास्त आहे.

हे छप्पर डोळ्यांना दिसतं. जानेवारीत सूर्य उगवायच्या आधी गोदावरी-प्रवरेच्या मधल्या सपाट शिवारात उभे राहा. चुलीचा धूर सरळ वर जातो, कडुलिंबाच्या शेंड्याच्या आसपास पोचतो आणि तिथून पुढे चढायचं सोडून आडवा पसरतो. चार वस्त्यांचे धूर मिळून एकच राखाडी पट्टा होतो, पट्टीने आखल्यासारखा.

शाळेत आपण शिकलो की उंच जावं तशी हवा थंड होते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमिनीलगत हे उलटं होतं. जमीन दिवसभरची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर फेकत असते. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीच परत पाठवली असती. ढग नाहीत, हवा कोरडी आणि वारा पडलेला, त्यामुळे जमीन झपाट्याने गार होते आणि अंगाला टेकलेली हवाही गार करते. वरची हवा मात्र तशीच उबदार राहते. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. मी एकदा वीसेक फुटी बांबूला वायरवाले दोन तापमापक बांधून पाहिले, एक वीतभर उंचीवर, दुसरा टोकाला. पहाटे टोकाचा आकडा खालच्यापेक्षा जवळजवळ दोन अंशांनी जास्त होता.

आता धुरासकट हवेचा एक गोळा वर ढकलला असं समजा. वर दाब कमी, म्हणून तो प्रसरण पावतो, आणि प्रसरणाला लागणारी ऊर्जा त्याच्याच उष्णतेतून जाते. हवा कोरडी असेल तर दर शंभर मीटरला तो साधारण एक अंश थंड होतो. भोवतालची हवा मात्र वर जाताना उबदार होत गेलेली. म्हणजे गोळा शेजाऱ्यांपेक्षा थंड, म्हणून जड, आणि जड म्हणून परत खाली. चुलीचा गरम धूरसुद्धा थोडा चढतो, शेजारची हवा मिसळून गार होतो आणि तिथेच अडकतो.

दुपारी जमीन तापली की हवा एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते. रात्री हीच उंची शे-दीडशे मीटरवर येऊ शकते. दीड किलोमीटरची खोली दीडशे मीटरची झाली, तर तेवढाच धूर दहापट दाट होतो. कुणी एक काडीही जास्त पेटवलेली नसते.

मला सर्वांत जास्त आवडणारा भाग यापुढचा आहे. उंच चिमणीचा धूर रात्री बऱ्याचदा या छपराच्या वरून निघून जातो, खाली येत नाही. सूर्य वर आला की जमीन तापते आणि घुसळण खालून वर वाढत जाते. साधारण आठ-नऊच्या सुमाराला ती रात्रभर वर साचलेल्या धुरापर्यंत पोचते आणि त्याला ढवळून एकदम खाली आणते. म्हणजे ऊन पडलं, आता फिरायला हरकत नाही, असं वाटतं तीच वेळ घातक ठरू शकते. दोरीवरच्या कपड्यांवर पडणारी काजळी मोठ्या कणांची असते, ती बहुतांशी नाकाघशात अडकते. फुप्फुसाच्या तळाशी जातात ते अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण. आपल्या केसाची जाडीच पन्नास-साठ मायक्रॉनच्या घरात असते. या बारीक कणांची २४ तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५.

यावर उपाय म्हणून दर हिवाळ्यात एक संदेश फिरतो, की गाईचं १० ग्रॅम तूप अग्नीत टाकलं की एक टन प्राणवायू तयार होतो. दहा ग्रॅममधून एक टन कसा निघेल? वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आपण शाळेत शिकलोय. जळताना प्राणवायू खर्च होतो, तयार होत नाही. समिधांच्या धुरातही तेच बारीक कण असतात. ज्या घरात दम्याचं लेकरू आहे, तिथे "हवा शुद्ध करायला" खोलीत धूर करणं मला पाहवत नाही.

पाचट पेटवण्याची आपल्याकडची ठरलेली वेळ दिवेलागणीची, वारा पडल्यावर, आग बांध ओलांडू नये म्हणून. शेतकऱ्याचं हे गणित चुकीचं नाही, पण छप्पर खाली यायला सुरुवात होते तीही हीच वेळ. म्हणून दुपारी पेटवा असंही सांगता येत नाही, शेजारचा उभा ऊस जाईल. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, ठेवायचा असेल तर पाचटाची कुट्टी करून सरीत दाबणं हाच रस्ता उरतो. पाचट जाळलं की त्यातलं बहुतेक नत्र हवेत जातं, आणि तेच नत्र आपण पुन्हा युरियाच्या गोणीतून विकत आणतो. ज्यांनी सरीत पाचट ठेवलंय त्यांच्या खोडव्यात एप्रिलमध्ये हात घालून बघा, आच्छादनाखालची माती ओलसर लागते.