आंबा विमा आणि तापमानाचा आकडा : थोडी पार्श्वभूमी

आंबा विम्याचे पैसे खात्यात पडायला लागले की दरवर्षी तोच प्रश्न, बाजूच्या मंडळाला मिळाले मग आम्हाला का नाही, आमच्या कैऱ्या काय झाडावरच राहिल्या होत्या का. मंडळ म्हणजे महसूल खात्याने काही गावं मिळून पाडलेला भाग आणि ट्रिगर म्हणजे हवामानाचा जो आकडा गाठला की विम्याचे पैसे मिळतात तो, एवढं लक्षात असलं की पुरे. पण हवामानाच्या ज्या आकड्यावर हे पैसे ठरतात तो येतो कुठून आणि त्याला एवढा मान कधीपासून मिळाला, ते बघण्यासारखं आहे.

पाऊस लिहून ठेवणं आपल्याकडे जुनंच. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची, देशाचं हवामान खातं 1875 चं. पाऊस मोजायला नरसाळं, खाली बाटली, सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतायचं आणि रजिस्टरला लिहायचं. दिवस साडेआठला संपतो त्यामुळे 14 तारखेला दुपारी पडलेला पाऊस 15 च्या नावावर लागतो, आणि हे ज्याला माहीत नाही तो रजिस्टर उघडून खुशाल म्हणणार की 14 ला कोरडं होतं. पण हे सगळं पावसाळ्यापुरतं होतं, मार्चमधल्या उन्हाशी किंवा मोहोराशी या नोंदींचा संबंध लावायची कुणाला फारशी गरज पडली नव्हती.

ती गरज विम्याने आणली. 2007 च्या सुमारास देशात हवामानावर आधारित पीक विम्याचे सरकारी प्रयोग सुरू झाले, 2016 मध्ये योजनेची नव्याने मांडणी झाली. मुळात ठरलं ते असं की फळपिकाचं नुकसान मोजायचंच नाही, नुकसान करणारं हवामान मोजायचं. यावरून अजून भांडणं चालू आहेत, पण ठरवणाऱ्यांची अडचण खोटी नव्हती. भाताचं पीक कापणी प्रयोगाने समजतं, ठरलेल्या आकाराचा तुकडा कापला, झोडला, वजन केलं, झालं. हापूसला हे कसं करणार? एक कलम लागतं, त्याच्या बाजूचं लागत नाही, यंदा भरलेलं पुढच्या वर्षी रिकामं, आणि तोड महिना-दोन महिने चालू. पंचनाम्याचं म्हणाल तर कुठली बाग आधी बघितली जाते हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि ट्रिगरमागे अक्कल आहे हे मानायलाच पाहिजे. नुसतं ‘13 अंश’ म्हटलं तर त्यातून काहीच कळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात तेवढी थंडी पडली तर बागायतदार खूश, मोहोर फुटतो. तीच थंडी फळधारणा झाल्यावर लांबली तर झाड परत मोहोरतं आणि आधी धरलेली सुपारीएवढी कैरी गळून खाली सडा पडतो. म्हणून आकड्याला तारीख लागते आणि सलग किती दिवस तेही लागतं. पिढ्यान्‌पिढ्या बागेत फिरून जे कळलं होतं तेच इथे कोष्टकात बसवलंय.

घोळ झाला तो पुढे, मोजायचं कुठे यावर. 2017 च्या आसपास राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आणि मंडळ हेच माप झालं. मंडळ ही महसुलाच्या सोयीची हद्द आहे, हवेला ती काय माहीत! एकाच मंडळात खाडीकाठची बाग असते आणि वर सड्यावरची, म्हणजे कातळाच्या सपाट माळावरची पण, सड्याचा दगड मार्चमध्ये दुपारी पाय ठेवू देत नाही आणि खाली त्याच वेळी खारा वारा सुटलेला असतो. केंद्र मात्र एक, जिथे मोकळी जागा मिळाली तिथे. समजा ट्रिगर सलग काही दिवस 37 अंशांचा आहे आणि शेवटच्या दिवशी केंद्राने 36.9 दाखवलं, संपलं, सड्यावरच्या कैऱ्या भाजून गळल्या तरी कागदावर काही झालेलंच नाही. स्वतःच्या बागेत थर्मामीटर लावून रोज वहीत लिहिणारे लोक आहेत, त्यांची वही दाव्याला चालत नाही. का चालू नये याचं कारण कळतं (ज्याला पैसे मिळणार त्यानेच मोजायचं कसं), पण मग केंद्र कुठे बसवायचं ते ठरवताना तरी त्यांना विचारायला हवं होतं.

यंत्राच्या भानगडी वेगळ्याच. अवेळी पाऊसही विम्यात धरतात, आणि तो मोजणाऱ्या पर्जन्यमापकात छोटी डोलती वाटी असते, ठरावीक पाणी साठलं की कलंडते आणि एक टिचकी मोजली जाते. नरसाळ्यात पालापाचोळा नाहीतर कोळ्याचं जाळं अडकलं तर वाटी हलतच नाही आणि नोंद येते शून्य. आता हे शून्य म्हणजे पाऊस नाही की मोजलाच गेला नाही, नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. मुख्य केंद्र बंद पडलं तर पर्यायी केंद्राचे आकडे घ्यायची तरतूद योजनेत आहे, पण ते केंद्र आणखी लांब, म्हणजे परत तेच.

2023 मध्ये केंद्र सरकारने नवीन जाळं जाहीर केलं, ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक आणि तालुका पातळीवर हवामान केंद्र. अवेळी पावसाचे वाद त्याने कमी होतील असं धरू. त्या मांडणीत तापमान मात्र ग्रामपंचायतीत मोजायचं नव्हतं, त्यामुळे उन्हाने गळलेल्या कैऱ्यांचं भांडण नुसत्या पर्जन्यमापकाने मिटणारं नव्हतं.